पत्रक खरे, पण कोणत्या तारखेचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी थोडी सैल होऊन कारखाने उघडायची वेळ आली, तेव्हा औद्योगिक वसाहतींत एक बातमी तोंडोतोंडी पसरली. एखाद्या कामगाराला करोना झाला तर मालकाला तुरुंगात टाकणार आणि कारखान्याला तीन महिने टाळे लागणार! केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १५ एप्रिलच्या आदेशात असे काहीही नव्हते. आदेशाला आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ ची दंडाची कलमे जोडलेली होती आणि कंपनीकडून घडलेल्या अपराधाबद्दलचे त्यातले एक कलम अर्धवट वाचले गेले होते. शेवटी २३ एप्रिलला केंद्रीय गृहसचिवांना सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना पत्र लिहून सांगावे लागले, की अशी तरतूद आदेशात नाही. मधल्या काळात परवानगी हातात असूनही कित्येकांनी शटर उघडले नाही. दुसरीकडे, त्याच आदेशाच्या जोडपत्रातल्या खरोखर बंधनकारक गोष्टींकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. दोन पाळ्यांमध्ये एक तासाचे अंतर, जेवणाच्या सुट्या टप्प्याटप्प्याने, बसण्यात सहा फुटांचे अंतर, वाहनात ३० ते ४० टक्केच माणसे, कामगारांचा वैद्यकीय विमा, जवळच्या करोना रुग्णालयांची यादी कामाच्या ठिकाणी लावलेली, हे सगळे त्यात लिहिलेले होते.

आम्ही कारखान्यांच्या सुरक्षा विभागांत काम करणारे काही जण हे पत्र लिहीत आहोत. साथ ओसरली की हा विषय बासनात जातो आणि पुढच्या साथीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. त्या दोन वर्षांत माहितीचा तुटवडा कधीच नव्हता, उलट दिवसाला दहा पीडीएफ येत होत्या. वीस-पंचवीस कामगारांचा वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला नेमके ठाऊक नव्हते ते हे, की समोरच्या कागदाचे काय करायचे: तो मानणे भाग आहे, मानलेला बरा, की तो टोपलीत टाकायचा?

कागद हातात आला की पहिला प्रश्न, हा आदेश आहे, मार्गदर्शक सूचना आहे की सल्ला? आदेश कुठल्या तरी कायद्याच्या कलमाखाली निघतो आणि ते कलम पहिल्याच परिच्छेदात लिहिलेले असते. करोनाच्या काळात हे बहुधा आपत्ती व्यवस्थापन कायदा किंवा साथरोग अधिनियम, १८९७ असायचे. कलमाचा उल्लेखच नसेल तर तो कागद कितीही अधिकृत दिसला तरी त्याच्या आधारे दंड होणे अवघड. आरोग्य मंत्रालयाच्या कार्यपद्धती, म्हणजे ज्यांना सगळे ‘एसओपी’ म्हणायचे, त्या मूळच्या सूचना. मात्र गृह मंत्रालयाच्या किंवा राज्याच्या आदेशात ‘आरोग्य मंत्रालयाच्या सूचना पाळाव्यात’ असे वाक्य आले, की त्याच सूचना बंधनकारक होतात. हा दुवा न पाहिल्यामुळे काहींनी सूचना सोडून दिल्या, तर काहींनी प्रत्येक सल्ला कायदा समजून वेड्यासारखा खर्च केला.

दुसरा प्रश्न, काढला कोणी? केंद्राच्या आदेशाने जे बंधन घातले ते राज्याला सैल करता येत नव्हते, घट्ट करता येत होते. राज्याचे जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त आणखी घट्ट करू शकत होते, आणि प्रतिबंधित क्षेत्राची सीमा तर स्थानिक यंत्रणाच ठरवत असे. म्हणून वाचनाचा क्रम खालून वर हवा. आधी आपल्या महापालिकेचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा ताजा आदेश, मग राज्याचा, मग केंद्राचा. बहुतेकांनी उलटे केले, कारण टीव्हीवर केंद्राची बातमी आधी येते. कारखाना एका हद्दीत आणि कामगारांची वस्ती दुसऱ्या हद्दीत असेल तर दोन्ही आदेश पाहावे लागतात. कारखान्याला परवानगी आहे आणि कामगाराची गल्ली पत्रे ठोकून बंद आहे, असे पिंपरी-चिंचवड आणि आसपासच्या ग्रामीण हद्दीत सर्रास झाले.

तिसरा प्रश्न तारखेचा, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच झाली. महाराष्ट्राच्या मुख्य सचिवांच्या सहीने निघालेल्या आदेशांवर ‘डीएमयू/२०२०/सीआर.९२/डिसएम-१’ हा क्रमांक असे. मार्च-एप्रिल २०२० च्या टाळेबंदीच्या आदेशांवर तोच, टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवणाऱ्या ‘मिशन बिगिन अगेन’च्या आदेशांवर तोच आणि २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध घालणाऱ्या ‘ब्रेक द चेन’वरही तोच, कारण तो नस्तीचा, म्हणजे फाइलीचा, क्रमांक होता. त्यामुळे क्रमांक जुळला म्हणजे कागद आजचा, हा समज साफ चुकीचा. शासन निर्णय असेल तर त्यावर अठरा आकडी संगणक सांकेतांक असतो. त्याची सुरुवात वर्ष, महिना, तारीख अशी होते आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उघडता येते. आपत्ती व्यवस्थापनाच्या आदेशांना ही सोय नेहमी नव्हती. तिथे तारीख, सही, लागू होण्याची वेळ आणि ‘यापूर्वीचे आदेश अमुक मर्यादेपर्यंत अधिक्रमित’, म्हणजे तेवढ्यापुरते जुने रद्द, हे वाक्य शोधायचे. हे वाक्य साधारण शेवटच्या पानावर असते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोंत नेमके शेवटचे पान नसते!

तारखेचा फरक किती मोठा ठरतो याचे उदाहरण म्हणजे घरी विलगीकरणात असलेला कामगार कामावर कधी घ्यायचा. मे २०२० च्या सूचनेत लक्षणे दिसल्यापासून १७ दिवस आणि त्यातले शेवटचे १० दिवस ताप नको, असे होते. एप्रिल २०२१ मध्ये ते १० दिवस आणि शेवटचे ३ दिवस ताप नको असे झाले. जानेवारी २०२२ मध्ये चाचणी बाधित आल्यापासून ७ दिवसांवर आले. तिन्ही कागद खरेच. तिन्ही आरोग्य मंत्रालयाचेच. ज्याच्या फाइलीत पहिला कागद राहिला तो दीड वर्षानंतरही कामगाराला १७ दिवस घरी बसवत होता आणि बहुधा बिनपगारी.

याला जोडूनच ‘निगेटिव्ह रिपोर्ट आणल्याशिवाय गेटच्या आत नाही’ हा अनेक एचआर विभागांनी स्वतःच काढलेला नियम. विलगीकरणाचा काळ संपल्यावर पुन्हा चाचणीची गरज नाही, असे त्या सूचनांतच स्पष्ट होते, आणि त्याला कारणही होते. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूचे जनुकीय अवशेष पकडते. माणूस बरा होऊन संसर्ग पसरवायचा थांबला तरी हे अवशेष काही आठवडे सापडू शकतात. त्यामुळे धडधाकट माणसे रिपोर्टची वाट पाहत घरी बसली आणि खर्चही त्यांच्याच खिशातून गेला. प्रतिपिंडांची (अँटिबॉडीची) चाचणी मागणारे तर त्याहून पुढचे. पूर्वी संसर्ग होऊन गेला का, एवढेच ती सांगते. आज हा माणूस रोग पसरवतो आहे का, हे तिला कळत नाही.

आता विज्ञानाबद्दल. इथे पंचाईत वेगळी असते, कारण आदेश बदलतो तेव्हा निदान नवा कागद येतो. समज बदलते तेव्हा जुने कागद तसेच भिंतीवर राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी ठामपणे सांगितले होते, की हा रोग हवेतून पसरत नाही. जुलै २०२० मध्ये तिने बंद जागांत ती शक्यता नाकारता येत नाही इतपत मान्य केले आणि एप्रिल २०२१ अखेर सूक्ष्म तुषारकणांतून होणारा प्रसार स्पष्ट शब्दांत लिहिला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये लोकांसाठी जे पत्रक काढले, त्यात मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण सूक्ष्म कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि म्हणून खेळती हवा ठेवा, असे होते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानेही एप्रिल २०२१ मध्ये दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे म्हटले.

या बदलाचा कारखानदाराला अर्थ एवढाच होता, की फवारणीवरचा पैसा आणि माणूस काढून खिडक्या, झरोके आणि एक्झॉस्ट फॅनकडे लावायचा. पण आमच्या पाहण्यात २०२२ सालीही फवारणीचा पंप रोज फिरत होता आणि जेवणाच्या खोलीचा एक्झॉस्ट बंद होता, कारण त्याची घरघर गप्पांच्या आड येते. दोष सगळा मालकाचा नाही. फवारणी दिसते, तपासणीला आलेल्या माणसाला दाखवता येते, बिल फाइलीला लावता येते. हवा दाखवता येत नाही.

ती मोजता मात्र येते. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कार्यालये व तत्सम जागांसाठी माणशी सेकंदाला किमान १० लिटर ताजी हवा सुचवली, म्हणजे माणशी तासाला ३६ घनमीटर. समजा जेवणाची खोली ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे, म्हणजे १२० घनमीटर. एका वेळी वीस माणसे जेवत असतील तर तासाला ७२० घनमीटर हवा हवी, म्हणजे खोलीतली सगळी हवा तासाला सहा वेळा बदलली पाहिजे. पंख्याच्या पाटीवर १००० घनमीटर लिहिले असेल तर कागदावर काम झाले. प्रत्यक्षात जाळीवर तेलकट धूळ साचलेली, झडप अर्धी अडकलेली आणि मुख्य म्हणजे बाहेरची हवा आत यायला समोरच्या बाजूला वाट नाही, अशी अवस्था असते. बंद खोलीत एक्झॉस्ट लावला तर तो नुसता गरगरतो. हवा जिथून येते आणि जिथून जाते त्या जागा खोलीच्या समोरासमोरच्या बाजूंना हव्यात. पाटीवर ‘सीएफएम’ (मिनिटाला घनफूट) लिहिले असेल तर त्या आकड्याला १.७ ने गुणले की तासाचे घनमीटर मिळतात.

हिशेब नको असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र घ्यावे. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असते. माणसे बसलेल्या खोलीत आकडा ८०० च्या आत राहिला तर ठीक, हजाराच्या वर चढला तर माणसे कमी करा किंवा दारे उघडा. यंत्र मात्र एनडीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट हाच वायू मोजणाऱ्या, सेन्सरचे घ्यावे. स्वस्त यंत्रांत वेगळाच सेन्सर असतो. तो हवेतल्या इतर वाफा मोजून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधतो आणि थिनरचा डबा उघडला की पिसाटतो. भट्टी, गॅस कटिंग किंवा गॅसची शेगडी जवळ असेल तर कोणत्याही यंत्राचा आकडा श्वासाचा राहत नाही, ज्वलनाचा होतो. वातानुकूलित ऑफिसात स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच हवा थंड करून फिरवत राहतो. तेव्हा तापमान २४ ते ३० अंश ठेवा, ही सूचना पाळून भागत नाही, खिडकीही थोडी उघडी हवी.

गंमत म्हणजे यातले बरेचसे आपल्या कायद्यात आधीपासून होते. त्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १३ मध्ये खेळत्या हवेची आणि कलम १६ मध्ये दाटीवाटीची तरतूद होती. माणशी किमान १४.२ घनमीटर जागा, आणि ती मोजताना ४.२ मीटरच्या वरची उंची धरायची नाही. १२ बाय १० मीटरचा, सहा मीटर उंच शेड असेल तर ५०४ घनमीटरच धरायचे, म्हणजे ३५ माणसे. साथीतली सहा फुटांची पट्टी घेऊन जमिनीवर पिवळे गोल रंगवणाऱ्या किती जणांनी हा आकडा आधी काढून पाहिला होता?

फवारणीकडे परत येऊ, कारण तिथे नुसते पैसे वाया गेले नाहीत, इजाही झाली. माणसांवर जंतुनाशक फवारणाऱ्या बोगद्यांच्या जाहिराती एप्रिल २०२० मध्ये धडाक्यात सुरू झाल्या. त्याच महिन्याच्या १८ तारखेला आरोग्य मंत्रालयाने माणसांवर फवारणी करू नये असा सल्ला काढला. डोळ्यांची व त्वचेची जळजळ, मळमळ, श्वासनलिकेला त्रास, हे सगळे त्यात लिहिले होते. तरी बोगदे विकले गेले आणि अखेर ५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला त्यावर बंदीचे निर्देश काढायला सांगितले. साडेसहा महिने योग्य माहिती सरकारी संकेतस्थळावर पडून होती आणि विक्रेत्याचे माहितीपत्रक मालकाच्या टेबलावर होते.

सोडियम हायपोक्लोराइटबाबत दोन विश्वासू यंत्रणांनी दोन आकडे दिले. आपल्या आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक जागांच्या सफाईसाठी १ टक्का सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयाबाहेरच्या जागांसाठी ०.१ टक्का. अशा वेळी काय करायचे? आदेशातून बंधनकारक झालेला आकडा पाळायचा, पण त्याचे दुष्परिणाम लक्षात घेऊन तो कुठे वापरायचा हे ठरवायचे. बाजारात मिळणारे द्रावण ५ टक्क्यांचे असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी म्हणजे १ टक्का. ०.१ टक्क्यासाठी एक भागाला ४९ भाग पाणी. ब्लीचिंग पावडरमध्ये ३० टक्के क्लोरीन असेल तर १ टक्क्यासाठी लिटरला सुमारे ३३ ग्रॅम, पण उघड्या पोत्यातल्या जुन्या पावडरीत तेवढा क्लोरीन उरलेला नसतो. द्रावण रोजच्या रोज करावे, उन्हात ठेवू नये. तेलकट किंवा मळकट पृष्ठभाग आधी साबणाने धुवावा, नाही तर क्लोरीन त्या मळातच खर्च होतो. लेथच्या बेडवर, गेजवर, इलेक्ट्रिक पॅनेलवर ते अजिबात मारू नये, धातू गंजतो. तिथे ७० टक्के अल्कोहोलने पुसणे हेच मंत्रालयाच्याही सूचनेत होते. आणि शौचालयाच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो. सफाई ठेकेदाराचे माणूस ‘दोन्ही घातले की जास्त चांगले’ असे मानून हेच करते, म्हणून दोन्ही बाटल्या एका कपाटात ठेवूच नयेत.

सॅनिटायझरचे तसेच. हातावर अल्कोहोल ओले असताना वेल्डिंगचा टॉर्च पेटवला तर काय होईल हे सांगायला नको, पण सॅनिटायझरचा स्टँड वेल्डिंग बूथच्या तोंडाशी लावलेला अनेक ठिकाणी दिसला. अशा विभागात साबण आणि नळच बरा.

खरेदीच्या वस्तूंबाबत प्रमाणपत्राचा रंगीत कागद ही माहिती नव्हे. आयएसआय चिन्ह असलेल्या मास्कवर आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की कंपनीचे नाव आणि परवाना चालू आहे का ते दिसते. ‘अमेरिकन एन-९५’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मास्कवर टीसी-८४ए ने सुरू होणारा तिथला मान्यता क्रमांक नसेल, किंवा मास्क कानाला अडकवायच्या नाड्यांचा असेल, तर तो खरा नव्हे. खऱ्याला डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात. झडपेचा मास्क श्वास बाहेर सोडताना गाळत नाही, आणि त्याविरुद्ध केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलै २०२० मध्ये राज्यांना पत्रही लिहिले होते. थर्मल गनची परीक्षा तर सोपी. तिच्या माहितीपुस्तिकेत मोजमापाची मर्यादा तीनशे-साडेतीनशे अंशांपर्यंत असेल तर ती बेअरिंग आणि बॉयलर मोजायची गन आहे. तिची चूक दीड-दोन अंशांची असते, म्हणजे ताप आणि निरोगीपणा यांतल्या फरकापेक्षा मोठी. गेटवरच्या नोंदवहीत सगळ्यांचे ३४ अंश लिहिलेले दिसले, तर कामगार थंडगार पडलेले नाहीत, यंत्र चुकते आहे.

आणि गन चांगली असली तरी तिच्यावर किती विसंबायचे? लक्षणे नसलेला बाधित तिला सापडत नाही. ताप असलेलाही पॅरासिटामॉलची गोळी घेऊन येतो, कारण घरी बसला तर हजेरी बुडते. एप्रिल २०२१ च्या राज्याच्या आदेशात बाधित कामगाराला वैद्यकीय रजा द्यावी आणि त्या कारणावरून कामावरून काढू नये, असे म्हटले होते. आमच्या मते त्या आदेशातली रोगप्रतिबंधाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ओळ तीच होती. कारखान्यात रोग शिरला आहे का, ही माहिती कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही, ती कामगारच देऊ शकतो. पगार कापला जाणार असेल तर तो ती देत नाही. ठेकेदाराच्या माणसांना ही रजा लागू आहे हे तर त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

मग विचारायचे कोणाला? राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, गोव्यात कारखाने व बाष्पके निरीक्षणालय, ही पहिली दारे. मालक तिथे जायला कचरतो, कारण माहिती विचारायला गेलो तर तपासणी मागे लागेल ही भीती असते. ही भीती अगदी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण लेखी प्रश्न विचारून लेखी उत्तर घेतले, तर पुढे वाद झाल्यास तोच कागद मालकाच्या बाजूने उभा राहतो. मुंबईत शीव इथे केंद्रीय श्रम संस्था आहे, नवी मुंबईत बेलापूरला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. या संस्था उपकरण विकत नाहीत, हे महत्त्वाचे. साथीच्या स्थानिक स्थितीसाठी महापालिकेचा किंवा तालुक्याचा आरोग्य अधिकारी. परदेशी यंत्रणांचे वाचायला हरकत नाही. अमेरिकेच्या ओशाने (कामगारांची सुरक्षा व आरोग्य पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने) मार्च २०२० मध्येच कामांची अतिउच्च, उच्च, मध्यम व कमी अशी चार धोक्याच्या पातळ्यांत विभागणी केली होती, ती कुठेही उपयोगी पडते. तिथला कायदा मात्र इथे लागू नाही, हे कन्सल्टंटचे पत्रक वाचताना ध्यानात ठेवावे. त्यात ‘बंधनकारक’ शब्द दिसला की ‘कोणत्या देशात?’ असे विचारावे.

सरकारी शिक्का आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही नमूद करायला हवे. आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथिक गोळ्यांची शिफारस आयुष मंत्रालयाने २०२० च्या जानेवारीतच केली होती आणि पुष्कळ कारखान्यांनी त्या वाटल्या. करोना त्यांनी टळतो याला पुरावा नव्हता. गोळी घेतली म्हणून मास्क ढिला झाला, एवढे मात्र व्हायचे.

फक्त ‘करोना’ शब्द असलेले कागद शोधले तर एक मोठी गोष्ट निसटते. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटून बारा माणसे गेली. टाळेबंदीत प्रकल्प बंद होता आणि साठा तसाच पडून होता. दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कारखाने पुन्हा सुरू करण्याबाबत सूचना काढल्या. पहिला आठवडा चाचणीचा धरा, उत्पादनाचे उद्दिष्ट गाठायच्या मागे लागू नका, विचित्र आवाज, वास, गळती, उघड्या पडलेल्या तारा यांकडे लक्ष द्या, असे त्यात होते. साथीतला तो सर्वांत उपयुक्त कागदांपैकी एक, आणि बहुतेक ग्रुपवर तो फिरलाच नाही. पन्नास दिवस थांबलेल्या प्रेसचा ब्रेक, कॉम्प्रेसरची सेफ्टी व्हॉल्व्ह, गॅस सिलिंडरचे नळ, साचलेले कूलंट हे आधी पाहायचे आणि मग पाळी सुरू करायची, हे विषाणूइतकेच महत्त्वाचे होते.

लहान कारखान्यात सुरक्षा अधिकारी नसतो. तिथे एकाच माणसाकडे हे काम द्यावे, मग तो टाइमकीपर असो की अकाउंटंट, आणि त्याने रोज एका ठरलेल्या वेळी तीनच संकेतस्थळे पाहावीत: महापालिका किंवा जिल्हा, राज्य शासन, केंद्रीय आरोग्य मंत्रालय. दिवसभर मोबाइलवर येईल ते पुढे ढकलू नये. मूळ पीडीएफ उतरवून नाव देताना तारीख आधी लिहावी, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. वहीत चार रकाने पुरतात: आदेशाची तारीख, कधीपर्यंत लागू, आपल्याला काय करायचे, जुने काय रद्द झाले. चौथा रकाना भरला की त्याच दिवशी भिंतीवरचा जुना कागद काढायचा. सूचना मराठीत आणि हिंदीत, गरज असेल तिथे ओडिया किंवा बांगलात, आणि पाळी सुरू होताना तोंडी. लावायची जागा गेट नव्हे. गेटवर प्रत्येक जण घाईत असतो. पाण्याच्या नळाजवळ आणि कपडे बदलायच्या खोलीत माणूस दोन मिनिटे उभा राहतो.

वृत्तपत्रांकडून आमची एक मागणी आहे. आदेशाची बातमी देताना शेवटी एक चौकट द्यावी, त्यात आदेशाची तारीख, लागू होण्याची व संपण्याची वेळ, कोणत्या हद्दीत लागू आणि आधीचा कोणता आदेश रद्द, एवढेच असावे. ‘उद्योगांना दिलासा’ या मथळ्यावरून कारखाना उघडायचा की नाही हे कळत नाही. शासनाने आदेशांची पीडीएफ स्कॅन केलेल्या चित्राऐवजी युनिकोड मजकुरात द्यावी, म्हणजे त्यात शब्द शोधता येतो, आणि बदललेल्या ओळी अधोरेखित कराव्यात. संचालनालयाने कारखान्यांसाठी एकच, तारीखवार, चालू स्थितीचे पान ठेवावे. त्याचा नमुना आत्ताच तयार करून दोन-चार वसाहतींतल्या मालकांना आणि कामगारांच्या प्रतिनिधींना वाचायला द्यावा आणि त्यांना काय कळले नाही ते विचारावे.

आपले,
कारखान्यांच्या सुरक्षा विभागांत काम करणारे काही वाचक
पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर